शेकाचे माप पुन्हा का घेतात?

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडले की थोड्याच अंतरावर नौपाडा लागतो. तेथे गोखले रस्त्याच्या आतल्या बाजूला आमचे दोन खोल्यांचे घर आहे. घर लहान, पण स्टेशन जवळ. त्यामुळे मुरबाड-शहापूरकडचे आमचे नातेवाईक मुंबईच्या इस्पितळात जायचे झाले की आधी आमच्याकडे उतरतात. कुणाचा डोळा असतो, कुणाचे हाड असते. दोन वर्षांपूर्वी आमचे मामेभाऊ आले, ते गळ्याचे दुखणे घेऊन.

आम्ही त्यांना दादा म्हणतो. मुरबाड तालुक्यात त्यांची भातशेती आहे. विडीची सवय पन्नास वर्षांची. भाद्रपदापासून त्यांचा आवाज बसला होता. घरच्यांना वाटले, सर्दी असेल. काढे झाले, हळद-दूध झाले. दिवाळीत घास अडकू लागला, तेव्हा कुठे ते उठले. मुंबईच्या एका इस्पितळात घशातला बारीकसा तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला.

डॉक्टर म्हणाले, "कापायची गरज नाही. शेक देऊ. एकूण पस्तीस वेळा. आठवड्यातून पाच दिवस, सात आठवडे. आणि आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध."

शेक हा शब्द जरा फसवा आहे. कोणी याला 'लाईट घेणे' म्हणतात. इस्पितळात रेडिएशन म्हणतात. पुस्तकात किरणोपचार म्हणतात. पण यात विस्तव नाही, की गरम पिशवी नाही. दादांना वाटले होते, गळ्याला चटका बसणार. पहिल्या दिवशी ते बाहेर आले आणि म्हणाले, "अरे मास्तर, काहीच झालं नाही. नुसतं झोपवलं आणि उठवलं."

खरेच तसे असते. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. अंगाला लागत असताना जाणवतही नाहीत. हाड मोडले की एक्स-रे काढतात ना? त्याच जातीचे हे किरण, पण कितीतरी पटींनी जोरकस. एक्स-रे किरणांचा शोध जर्मनीत राँटजेन नावाच्या शास्त्रज्ञाला १८९५ साली लागला. पुढच्याच वर्षी डॉक्टरांनी ते कॅन्सरवर लावून पाहिले. आपल्याकडे परळचे टाटा मेमोरियल इस्पितळ १९४१ साली सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई रक्ताच्या कॅन्सरने १९३१ साली वारल्या. पुढच्या वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने हे इस्पितळ उभारले. १९६२ पासून ते भारत सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे.

हे किरण काम कसे करतात, ते थोडक्यात पाहू. आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले आहे. पेशी म्हणजे शरीराची वीट समजा. फरक इतकाच, की ही वीट जिवंत असते. एकीच्या दोन होतात, दोनांच्या चार होतात. किती वाढायचे याला शरीराचा धरबंध असतो. कॅन्सरच्या पेशी तो धरबंध मानत नाहीत. किरण पेशीच्या आत शिरतात आणि तिची वाढण्याची सूत्रेच तोडतात. चांगल्या पेशींनाही इजा होते. पण चांगली पेशी ती इजा बरीचशी भरून काढते. कॅन्सरच्या पेशीला ते नीट जमत नाही. म्हणून एकदम सगळा शेक न देता रोज थोडा थोडा देतात. मधल्या वेळात चांगल्या पेशी सावरतात. या किरणांचे माप 'ग्रे' या नावाने मोजतात. दूध लिटरने, तसे हे ग्रेने. दादांना रोज २ ग्रे मिळायचे होते. पस्तीस दिवसांचे ७० ग्रे.

म्हणजे सगळी मेख इथे आहे. किरण गाठीवर पुरेसे पडले पाहिजेत, आणि शेजारच्या चांगल्या भागावर होतील तितके कमी. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. आपण राब भाजतो तेव्हा काय करतो? जेथे रोपे टाकायची तेवढीच जागा भाजली पाहिजे. आतले तणाचे बी जळाले पाहिजे. पण बांधापलीकडच्या पेंढ्याच्या उडवीला धग लागता कामा नये. गळ्यात उडव्या पुष्कळ आहेत. मानेच्या मणक्यातून मज्जारज्जू खाली जातो. त्याला जास्त किरण लागले तर हातापायांतली शक्ती जाऊ शकते. कानाखाली, गालाच्या मागच्या बाजूला, लाळेची ग्रंथी असते. गालगुंड झाले म्हणजे सुजते ती हीच. ती भाजली गेली तर तोंडाला कायमची कोरड पडते. मग कोरडी भाकरी गिळायची म्हणजे शिक्षाच.

म्हणून शेकाच्या आधी माप घेतात. दादांचे माप कसे घेतले ते आम्ही बाहेरच्या काचेतून पाहिले. प्लास्टिकची एक जाळीदार पाटी असते. ती गरम पाण्यात टाकली की मऊ होते, लाटलेल्या पापडासारखी. ती दादांच्या तोंडावर, मानेवर, खांद्यांवर ताणून बसवली. पाच-दहा मिनिटांत ती थंड होऊन कडक झाली. झाला मुखवटा. श्वासाला जाळीतून वाट असतेच. हा मुखवटा फळीला खिळवतात, म्हणजे डोके रोज त्याच जागी राहते, हलत नाही. मग मुखवट्यासकट त्यांना सीटी स्कॅनमध्ये घातले.

सीटी स्कॅन हाही फोटोच. साधा एक्स-रे म्हणजे काकडी अख्खी ठेवून काढलेला फोटो. सीटी म्हणजे त्याच काकडीच्या पातळ चकत्या करून एकेक चकतीचा फोटो. फक्त सुरी लावत नाहीत एवढेच. मोठ्या कड्यासारख्या यंत्रातून माणूस सरकतो आणि आतल्या चकत्यांचे फोटो निघतात. त्या एकावर एक रचल्या की आतली गाठ किती लांब, किती रुंद, कशाला खेटून आहे, ते कळते. हे यंत्र इंग्लंडमध्ये हाउन्सफील्ड नावाच्या इंजिनियराने बनवले. १९७१ साली त्यावर पहिला रोगी तपासला गेला. गंमत अशी की हाउन्सफील्ड ज्या कंपनीत नोकरीला होते ती गाण्याच्या तबकड्या काढणारी कंपनी होती. १९७९ साली त्यांना आणि कॉरमॅक या दुसऱ्या शास्त्रज्ञाला मिळून नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या चकत्यांवर डॉक्टर रेघा मारतात. ही गाठ, ही लाळेची ग्रंथी, हा मज्जारज्जू. मग किरणांचे गणित करणारा तज्ज्ञ बसतो. त्याला फिजिसिस्ट म्हणतात. किरण कुठल्या बाजूने, किती वेळ, कुठल्या आकारात सोडायचे याचा तो आराखडा करतो. आम्ही जन्मभर मुलांना गणित घातले, पण असले गणित आमच्या बापजन्मी पाहिले नव्हते.

मार्गशीर्षात शेक सुरू झाला. आम्ही रोज सकाळी ठाण्याहून लोकल धरायचो. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी जो डबा असतो त्यात कॅन्सरच्या रोग्यालाही बसता येते. हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि बिचारे गर्दीत लोंबकळत जातात. जवळ इस्पितळाचा कागद ठेवावा म्हणजे झाले.

पहिले तीन आठवडे बरे गेले. चौथ्यात त्रास सुरू झाला. घशाला आतून फोड आले. जेवण पेजेवर आले. मानेची कातडी काळवंडली. दादांचे वजन सहा किलोने उतरले. सदरा खांद्यावरून घसरू लागला. आणि एक दिवस शेक देणारी ताई म्हणाली, "आजोबा, मुखवटा सैल झालाय. डॉक्टरांना दाखवू." डॉक्टरांनी पाहिले आणि चिठ्ठीवर लिहून दिले: नवा मुखवटा, नवा सीटी स्कॅन.

का, कशासाठी, हे त्या दिवशी कोणी सांगितले नाही. गर्दी फार होती. चिठ्ठी हातात आली आणि पुढच्या रोग्याला हाक मारली गेली. तिथेच सगळे बिनसले.

परतताना गाडीत दादा गप्प होते. कुर्ल्याला म्हणाले, "पहिलं माप चुकलं त्यांचं. वीस दिवस भलतीकडेच शेक दिला." आम्ही म्हटले, "असं नसेल." ते म्हणाले, "मग पुन्हा फोटो कशाला? शिंप्याचं माप चुकलं की तो पुन्हा बोलावतो." आमच्याजवळ उत्तर नव्हते. मास्तर झालो म्हणून सगळे ठाऊक असते असे थोडेच आहे?

शनिवारी दादा गावी गेले. म्हणाले, म्हशाची यात्रा आली, खोंड विकायचा आहे, सोमवारी येतो. म्हशाची यात्रा पौषी पौर्णिमेला भरते. गुरांचा मोठा बाजार असतो, हे मुरबाडकडच्या वाचकांना सांगायला नकोच. सोमवार गेला, मंगळवार गेला. फोन केला तर वहिनी म्हणाल्या, "ते नको म्हणतात आता."

आम्ही बुधवारी एकटेच इस्पितळात गेलो. तेथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंना गाठले. त्यांनी अर्धा तास दिला. जेवायची सुट्टी मोडून दिला, हे आम्ही विसरणार नाही. त्यांनी जे सांगितले ते आम्ही चिठ्ठीच्या पाठीवर लिहून घेतले. तेच येथे आमच्या शब्दांत सांगतो.

पहिले माप चुकलेले नव्हते. ज्या दिवशी घेतले त्या दिवशी ते बरोबर होते. पण माप ज्याचे घेतले ते शरीर आता तसे राहिले नव्हते. शेक लागू पडला म्हणून गाठ आटली होती. ही तर आनंदाची गोष्ट. पण तिच्याबरोबर मानही बारीक झाली. मुखवट्याच्या आत डोके हलायला जागा झाली. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढे हलले तरी येथे फरक पडतो. लाळेच्या ग्रंथीही आकसतात, आणि आकसताना आतल्या बाजूला सरकतात. म्हणजे ज्या जागेवर किरण जोरात पडावेत असे ठरवले होते, त्या जागेकडे आता ग्रंथीच सरकत चाललेली. उडवी आपण होऊन राबाजवळ आली म्हणा ना! अशा वेळी जुन्याच रेघांवर शेक देत राहिले तर गाठीचा कडेचा भाग सुटायची भीती, आणि चांगला भाग भाजायची भीती. म्हणून मधेच थांबून पुन्हा फोटो, पुन्हा रेघा, पुन्हा गणित. शरीर बदलले की उपचार बदलायचा.

आम्ही विचारले, "बाई, मग सगळ्यांचे माप असे पुन्हा घेता का?" त्या म्हणाल्या, "नाही. पुष्कळांना लागत नाही. ज्यांची गाठ मोठी असते आणि झपाट्याने आटते, ज्यांचे वजन फार उतरते, त्यांचे घ्यावे लागते. नवा आराखडा करायचा म्हणजे डॉक्टर, फिजिसिस्ट, यंत्र, सगळ्यांचा वेळ जातो. बाहेर रांग पाहिलीत ना? उगाच कोणी करत नाही." हे आम्हांला पटले. पुन्हा माप घ्यायला बोलावणे म्हणजे इस्पितळाने स्वतःच्या डोक्यावर घेतलेले जास्तीचे काम आहे, ही गोष्ट तोवर आमच्या ध्यानात आली नव्हती.

बाईंनी आणखी एक गोष्ट दाखवली. शेक देण्याच्या यंत्रालाच फोटो काढणारे दोन हात असतात. रोगी झोपला की आधी ते हात त्याच्याभोवती फिरतात. त्या दिवसाचा फोटो पहिल्या फोटोशी ताडून पाहतात. रोगी जरासा डावीकडे असला तर फळी जराशी उजवीकडे सरकवतात, मगच शेक. दादांना वाटायचे यंत्र उगाच फेऱ्या मारते. आम्ही भीत भीत विचारले, "इतक्या फोटोंचेही किरण अंगाला लागत असतील ना?" त्या म्हणाल्या, "लागतात. पण शेकाच्या मानाने फारच थोडे. तेवढ्यासाठी अंधारात शेक देणे परवडणार नाही."

त्या दिवशी त्यांनी सांगितलेली मूत्राशयाची गोष्ट आम्हांला सर्वांत आवडली. मूत्राशय म्हणजे लघवीची पिशवी. तेथे गाठ झाली तर शेक देणे फार अवघड, कारण ही पिशवी एका मापाची कधीच नसते. भरली की फुगते, रिकामी झाली की चिमटते. पखालीसारखी. पूर्वी डॉक्टर काय करत? पिशवी कितीही फुगली तरी सुटू नये म्हणून सभोवती मोठे कुंपण घालून शेक देत. मग आतडी नाहक त्यात सापडत. नव्या मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलचीच दुसरी मोठी संस्था आहे. तिला अ‍ॅक्ट्रेक म्हणतात. ठाण्याहून पनवेलची लोकल धरली की खारघर स्टेशन लागते. तेथल्या डॉक्टरांनी एक युक्ती वापरली. एका रोग्यासाठी एक आराखडा करायच्या ऐवजी सहा केले. सर्वांत लहान पिशवीला बेताचा एक, त्याहून जरा मोठा दुसरा, असे करत सहा. रोज रोगी यंत्रावर झोपला की फोटो काढायचा. आज पिशवी केवढी आहे ते पाहायचे. त्या सहांतला जो नेमका बसेल तो आराखडा त्या दिवशी वापरायचा. उद्या दुसरा. या कामाची हकीकत त्यांनी २०११ साली डॉक्टरांच्या मासिकात छापली. दुकानदार सहा मापांचे सदरे टांगून ठेवतो आणि गिऱ्हाईक पाहून हात घालतो, तसेच हे. इतके सोपे वाटते. पण आज पिशवी केवढी हे आत डोकावून पाहणारा फोटो यंत्रावरच निघू लागला, तेव्हाच ते जमले.

बायकांच्या एका दुखण्याबद्दलही सांगितले पाहिजे. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे पुष्कळ जणींना होतो. ऑपरेशन झाल्यावर काही जणींना ओटीपोटावर शेक द्यावा लागतो. शेजारीच आतडी असतात. शेक संपून वर्ष-दोन वर्षे झाली तरी कोणाला जुलाब, कोणाला पोटात कळा, कोणाला रक्त. लाजेने बाई बोलत नाही. टाटा मेमोरियलमध्ये २०११ ते २०१९ या काळात अशा ३०० बायकांवर उपचार करून नीट पाहणी केली. निम्म्यांना जुन्या चालीचा शेक. निम्म्यांना फोटो पाहून, गाठीच्या जागेच्या आकाराप्रमाणे वळवलेला शेक. तीन वर्षांनी मोजले. जुन्या चालीत शंभरातल्या सुमारे ४२ जणींना आतड्यांचा बऱ्यापैकी त्रास होता. नव्या चालीत शंभरातल्या सुमारे २१ जणींना. निम्मा त्रास वाचला. आणि रोग आटोक्यात ठेवण्यात दोन्हींत फरक पडला नाही. ही पाहणी २०२१ साली छापून आली. परदेशातले डॉक्टरही ती वाचतात. परळ-खारघरला केलेले काम जगाच्या उपयोगी पडते, याचा आम्हांला अभिमान वाटला.

या शेकात रोग्यालाही काम असते. ओटीपोटावर शेक असला तर सांगतात, आधी लघवी करून या, मग इतके ग्लास पाणी प्या, मग इतका वेळ थांबा. रोग्याला वाटते, हे काय खूळ! पण पिशवी भरली की ती आतड्यांना वर ढकलते. आतडी किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. एखादी बाई लाजेने किंवा कंटाळून पाणी कमी पिते आणि 'प्याले' म्हणून सांगते. फोटोत ते तेव्हाच उघडे पडते. मग पुन्हा पाणी, पुन्हा थांबणे, रांग खोळंबते. त्यापेक्षा खरे सांगावे. तसेच, अंगावर शाईच्या खुणा करून देतात. आंघोळीत त्या घासून काढू नयेत. पुसट झाल्या तर सांगावे, आपल्या हाताने गिरवू नयेत. एका गृहस्थांनी मुलाच्या स्केचपेनने गिरवल्या होत्या, असे ती शेक देणारी ताई सांगत होती. ते बसले होते अगदी व्यवस्थित रेघ मारून, पण अर्धा इंच खाली.

आता दादांकडे येऊ. डॉक्टरीणबाईंनी शेवटी एकच विचारले, "आजोबा किती दिवस आले नाहीत?" आम्ही म्हटले, "तीन." त्या म्हणाल्या, "उद्या चार होतील. मधे खंड पडला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशी जोमाने वाढतात. गळ्याच्या कॅन्सरात शेक एक दिवस लांबला तर बरे होण्याची आशा शंभरात एक-दीड टक्क्याने घटते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांना घेऊन या."

आम्ही तेथून घरी न येता थेट कल्याण गाठले आणि मुरबाडची एस.टी. पकडली. पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दादा ओटीवर खाटेवर पडले होते. खोंड विकलाच नव्हता. यात्रेपर्यंत जायची ताकदच राहिली नव्हती. वहिनींनी चहा केला. दादांना तोही गिळवेना.

आम्ही बाईंचे सगळे सांगितले. पेशी आणि ग्रंथी त्यांच्या कानावरून गेल्या. राबाचे मात्र ऐकले. विचार करून म्हणाले, "म्हणजे ढीग जळून बसला, आणि वारा फिरला."

"अगदी तसंच."

"मग फोटो काढतात ते चुकलं म्हणून नाही."

"ढीग बसला म्हणून. तुमची गाठ आटली आहे दादा. तेच दाखवायला त्यांनी बोलावलं होतं."

वहिनी दाराआडून म्हणाल्या, "मग हे तेव्हाच का नाही सांगितलं कोणी?" यावर आम्ही काय बोलणार? त्यांचे म्हणणे खरे होते. पण आपणही विचारले नाही, हेही खरे. डॉक्टर घाईत असले तर बाहेरची सिस्टर असते, शेक देणारे असतात, समाजसेवक असतात. कोणाला तरी विचारायचेच. 'हा फोटो कशासाठी?' एवढे तीन शब्द. त्यात कमीपणा नाही.

शुक्रवारी दादा इस्पितळात हजर झाले. रागावले कोणी नाही. नवा मुखवटा केला, नवे फोटो काढले. नवा आराखडा तयार होईतो एक-दोन दिवस लागतात. तेवढे दिवस शेक बंद ठेवला नाही, सावधपणे जुन्यावरच दिला. चुकलेले चार दिवस भरून काढायला शनिवारी बोलावले, आणि दोनदा एकाच दिवसात सकाळ-संध्याकाळ शेक दिला. मधे सहा तासांहून जास्त वेळ ठेवला, म्हणजे चांगल्या पेशींना सावरायला उसंत मिळावी. ते सहा-सात तास आम्ही दोघे इस्पितळाच्या आवारात बसून काढले. नाकातून बारीक नळी घातली होती, त्यातून वहिनींनी दिलेले ताक आणि पातळ पेज सोडायचे काम आमच्याकडे. वजन आणखी उतरू द्यायचे नव्हते, नाहीतर हाही मुखवटा सैल!

खर्चाचे विचाराल तर, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचा शेक येतो. ज्या इस्पितळात ही योजना आहे तेथे आरोग्यमित्र म्हणून माणूस बसतो. त्याच्याकडे शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन आधी जावे, शेक सुरू झाल्यावर नव्हे. ज्यांना मुंबईत आमच्यासारखे नातेवाईक नाहीत त्यांच्यासाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. गावोगावचे कॅन्सरचे रोगी आणि त्यांची माणसे तेथे उतरतात.

एक गैरसमज आमच्याच घरात होता, तोही सांगून टाकतो. आमच्या सूनबाईंनी पहिल्या आठवड्यात नातवाला दादांजवळ जाऊ दिले नाही. तिला वाटले, त्यांच्या अंगातून किरण निघत असतील. बाहेरून यंत्राने दिलेल्या शेकात तसे काही नसते. यंत्र बंद झाले की किरण संपले. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरतो का? हे कळल्यावर नातू दादांच्या मांडीवरून उतरेना.

पस्तीसावा शेक माघात झाला. तोंडाची कोरड अजून आहे, पण घोटघोट पाण्याबरोबर दादा भात-आमटी खातात. भाकरी कुस्करून खातात. आवाज घोगरा आहे, पण शेतावरून हाक मारली तर घरात ऐकू येते. विडी सुटली. पहिल्या दोन वर्षांत दर दोन-तीन महिन्यांनी तपासणीला जावे लागते.

दोन्ही मुखवटे त्यांनी मागून आणले. मुरबाडला त्यांच्या ओटीवर ते शेजारी शेजारी खुंटीला टांगलेले आहेत. गावातले कोणी नवे माणूस शेकाला जायचे झाले की दादा त्याला बोलावतात. आधी जुना मुखवटा स्वतःच्या तोंडाला लावतात आणि गालाशेजारी बोट घालून दाखवतात, केवढी फट होती ते. मग नवा लावतात. पुढची तपासणी येत्या सोमवारी आहे. या खेपेला दादा एकटे येणार नाहीत. शेजारच्या वाडीतल्या एका बाईंना शेक सांगितला आहे, त्यांना बरोबर घेऊन ते रविवारी नौपाड्यास उतरतील.